घरच्या मोटारीचा मास्टर सिलिंडर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सन २०२१च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुट्या भागांतून बांधलेली, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी देशभर गाजली आणि पुढे तिच्या मोबदल्यात उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यांना बोलेरो गाडी दिली. तशीच गाडी आपणही बांधावी अशी ऊर्मी सिरसाळ्यासारख्या गावातील एखाद्या तरुण कारागिराच्या मनात उद्भवली, तर तिचे कौतुकच केले पाहिजे. परंतु इंजिनाच्या निवडीत महिने घालवणारा हाच कारागीर ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर मात्र भंगारात जो हाती लागेल तो बसवतो, आणि त्यामागे काही रूढ गैरसमज असतात.

त्यांतील सर्वांत घातक समज असा की, सिलिंडर जितका मोठा तितका ब्रेक कडक. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. पायाचा जोर ३० किलो आणि पेडलची तरफ सहापट धरली, तर पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यावर १८० किलो भार येतो. तोच भार १९.०५ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६३ किलो दाब उत्पन्न करतो, तर २५.४ मिलिमीटर बोअरमध्ये अवघा ३५ किलोच्या आसपास. मोठ्या बोअरचे पेडल पायाला टणक लागते आणि त्या टणकपणालाच लोक ब्रेकची ताकद समजतात.

म्हणून बेलाशक बारीक बोअर घ्यावा, असेही नव्हे. चाकांकडे ५ घन सेंटिमीटर तेल ढकलावयाचे असेल, तर बारीक सिलिंडराचा पिस्टन साडेसतरा मिलिमीटर सरकावा लागतो आणि पेडल सुमारे साडेदहा सेंटिमीटर खाली जाते. मोठ्यात हेच काम सहा सेंटिमीटरांत भागते. लायनर ड्रमला टेकण्यापूर्वीच पेडल तळाला लागले, तर सारा दाब कागदावरच राहिला. यास्तव ज्या गाडीचे ड्रम, कॅलिपर आणि पेडल घेतले, तिचाच मास्टर सिलिंडर घेणे सर्वांत शहाणपणाचे. निरनिराळ्या गाड्यांचे भाग जुळवले असतील, तर वरील हिशेब आधी मांडावा आणि मगच पैसे मोजावेत.

बूस्टर लावला की बोअरची चूक झाकली जाते, हाही भ्रमच. बूस्टर पायाला साहाय्य करतो, तेलाचे परिमाण वाढवीत नाही. डिझेल इंजिनाबरोबर तर त्यासाठी निराळा व्हॅक्यूम पंप लागतो.

ब्रेक ऑइल संपले म्हणून इंजिन ऑइल ओतणे हा निव्वळ घात होय. त्याने आतले रबरी वॉशर फुगतात आणि निकामी होतात. डॉट ३ प्रतीचे ब्रेक ऑइल कोरडे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु हवेतील ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. धारूरच्या घाटाच्या उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये हेच तेल वाफाळले, तर पेडल रिकामे जाते. दोन स्वतंत्र भागांचा टँडम सिलिंडर घ्यावा, कारण एका बाजूची नळी फुटली तरी दुसरी बाजू गाडी अडवू शकते. आणि पेडल सोडल्यावर दांडा व पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक राहू द्यावी, नाहीतर तेल परतण्याचे छिद्र बंद राहून ब्रेक धरून बसतात.

ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढल्यानंतर पेडल जोराने दाबून मिनिटभर धरून पाहावे. बाहेर कोठेही गळती नसता ते हळूहळू खाली सरकत असेल, तर बहुधा सिलिंडरातील वॉशर तेल मागे सोडीत आहे असे समजावे आणि गाडी जागची हलवू नये. एवढी दक्षता घेतली तरी अशी वाहने मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये नोंदणी झाल्याखेरीज सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाहीत. तोपर्यंत गाडीचा वापर आपल्या शेतापुरताच ठेवावा.