गुडघा राखावा कसा?

गुडघे कुरकुरू लागले की शेजारीपाजारी दोन सल्ले ठरलेले असतात. एक म्हणतो, "सांधा बदलावाच लागणार." दुसरा म्हणतो, "दुर्बिणीने साफ करून घ्या, गुडघा नवा होईल." आमचे थोरले भाऊ दुसऱ्या सल्ल्यावर विसंबून पैशांची जुळवाजुळव करू लागले होते. त्या निमित्ताने आम्ही जे वाचले आणि जाणकार डॉक्टरांना विचारले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मांडीचे व नडगीचे हाड जेथे भेटते, तेथे दोहोंच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याची जाडी २ ते ४ मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून हातावरच्या जखमेप्रमाणे ही जखम भरून येत नाही. ही गोष्ट विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती.

मग डॉक्टर काय करू शकतात? अपघाताने वा खेळताना कूर्चेचा लहानसा टवका उडाला असेल, तर तीन मार्ग आहेत. पहिला, उघड्या हाडाला बारीक छिद्रे पाडणे. त्यातून रक्त येऊन गोठते व नवा थर धरतो. मात्र तो मूळ कूर्चेइतका टिकाऊ नसतो. दुसरा, त्याच गुडघ्याच्या कमी भाराच्या जागेतून हाडासकट कूर्चेच्या लहान गुल्ल्या काढून खड्ड्यात बसविणे. तिसरा, रोग्याच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तेथे घालणे. या तिसऱ्या रीतीचे निष्कर्ष स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ साली प्रसिद्ध केले. ती खर्चाची आहे.

हाडांमधल्या अर्धचंद्राकृती गादीची कथा वेगळी. पूर्वी ती फाटली की समूळ काढीत. अशा गुडघ्यात पुढे झिजेची चिन्हे दिसतात, हे १९४८ मध्ये फेअरबँक यांनी दाखविले. आता शक्य तेथे टाके घालून ती वाचवितात.

भिंतीचा गिलावा एका जागी पडला तर तेवढाच भरता येतो. पण भिंतच कलली असेल तर नवा गिलावा टिकत नाही. पाय धनुष्यासारखा वाकला की सारा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतो. अशा वेळी नडगीचे हाड गुडघ्याखाली कापून, सरळ करून, पट्टीने जोडतात. भार चांगल्या बाजूवर जातो आणि सांधा बदलण्याची वेळ पुष्कळदा काही वर्षे लांबते.

आता त्या 'सफाई'विषयी. २००२ साली अमेरिकेत झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रोग्यांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींचा सांधा खरोखर साफ केला, काहींचा नुसता धुतला, काहींच्या कातडीवर केवळ छेद घेतले. दोन वर्षांनी तिन्ही गटांच्या वेदनेत फरक आढळला नाही!

आमच्या भावांची कूर्चा सर्वत्र झिजली आहे, त्यामुळे वरचे उपाय त्यांना लागू नाहीत. वजन उतरविणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि नमाज खुर्चीवर बसून पढणे, एवढ्यावर त्यांचे सध्या चालले आहे. पुढे गरज पडली तर सांधा बदलावा लागेल, हे ते जाणून आहेत.

तेव्हा शस्त्रक्रियेस होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : इजा एका जागी आहे की सर्वत्र? पाय सरळ आहे की वाकडा? गादी टाक्याने वाचेल काय? या तीन उत्तरांवरच उपाय ठरतो.