सर्वश्रेष्ठ बॉक्सर कोण? आधी वजन सांगा

नागपुरात तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर विषय बॉक्सिंगकडे वळला, की कुणीतरी ठामपणे म्हणतोच, "अली म्हणजे अली, विषय संपला!" विषय संपत मात्र नाही, कारण या वादातली बरीचशी गृहीतकंच कच्ची असतात.

गैरसमज: कधीच हरला नाही, तोच सर्वश्रेष्ठ.

मग अली आधीच बाद! रॉकी मार्सियानो 49 आणि फ्लॉइड मेवेदर 50 व्यावसायिक लढती जिंकून अपराजित राहिले. अली 61 पैकी 5 हरला. पण त्यातल्या फ्रेझियर, नॉर्टन आणि स्पिंक्स या तिघांना त्याने नंतर हरवलं, आणि उरलेले दोन पराभव अडतिशी गाठल्यावरचे. शिवाय व्हिएतनाम युद्धाच्या वेळी लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे ऐन उमेदीतली तीन वर्षं त्याची रिंगबाहेर गेली.

गैरसमज: सर्वश्रेष्ठ म्हणजे कुणालाही लोळवू शकेल असा.

असं असतं तर हा मान फक्त हेवीवेटवाल्यांनाच मिळाला असता. वजनाचा फरक बाजूला ठेवून निव्वळ कौशल्य तोलायचं, ही रीत रूढ झाली ती प्रामुख्याने शुगर रे रॉबिन्सनमुळे. अलीही त्याला आदर्श मानायचा. रॉबिन्सन आधी वेल्टरवेटचा, म्हणजे साधारण 67 किलोंच्या गटातला विजेता, नंतर मिडलवेटचा. जून 1952 मध्ये तो आणखी वरच्या गटात जोई मॅक्सिमशी न्यूयॉर्कच्या उघड्या मैदानात लढला. उकाडा असा, की पंचच आधी गळाले आणि दुसरे पंच आणावे लागले. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण 14 व्या फेरीसाठी त्याला स्टुलावरून उठवेना. वैदर्भीय माणसाला हा विजय खरा उकाड्याचा हे समजावून सांगायला नको. नोंदीत मात्र तो मॅक्सिमचा विजय आहे.

गैरसमज: 5-0 म्हणजे पाच ठोसे विरुद्ध शून्य.

हौशी बॉक्सिंगमधले हे आकडे ठोशांचे नाहीत, रिंगभोवती बसलेल्या पाच परीक्षकांचे आहेत. प्रत्येक जण फेरीगणिक गुण देतो. 5-0 म्हणजे पाचही जणांचा कौल एकीकडे. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये पोलंडमधल्या किल्त्से इथे जागतिक युवा स्पर्धेच्या अंतिम लढतीत मोल्दोवाच्या दारिया कोझोरेझला असंच हरवलं. दुसऱ्या वर्षी एलोर्डा चषकात तिने 2016 ची जगज्जेती कझाक बॉक्सर लझ्झत कुंगेइबायेवा हिलाही 5-0 नेच नमवलं.

गैरसमज: ऑलिंपिक पदक नाही, म्हणजे मोठी खेळाडू नाही.

हा सगळ्यात अन्यायकारक. महिलांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेच 2012 मध्ये, तेही फक्त तीन वजनगटांत. तोवर मेरी कोम पाच वेळा जगज्जेती झाली होती, पण 45, 46 आणि 48 किलोंच्या गटांत. लंडनमध्ये सर्वांत खालचा गट होता 51 किलोंचा. ती वरच्या गटात, स्वतःपेक्षा भारी मुलींशी लढली आणि कांस्यपदक घेऊन आली. सहावं जागतिक सुवर्ण तिने 2018 मध्ये, पुन्हा 48 किलोंत मिळवलं.

अल्फियाची अडचण नेमकी उलटी. 2022 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतलं तिचं सुवर्ण 81 किलोंवरील गटातलं. टोकियो आणि पॅरिसमध्ये महिलांचा सर्वांत वरचा गट होता 75 किलोंचा. म्हणजे ज्या गटात ती आशियाची विजेती झाली, त्या गटाला ऑलिंपिकमध्ये दारच नव्हतं. एकीला वजन वाढवून जाता आलं. दुसरीला निदान सहा किलो उतरवून, सवयीची ताकद सोडून उतरावं लागलं असतं.

माझं मत विचाराल तर पुरुषांत रॉबिन्सन, भारतात मेरी कोम. अल्फियाचा निकाल लावायला अजून वेळ आहे. तो लावाल तेव्हा 'ऑलिंपिक पदक कुठे आहे?' एवढं मात्र विचारू नका.