आत्याबाईला मिशा फुटल्या!

'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं' हे आपण सगळ्यांनी हजारदा ऐकलंय. माझ्या आत्याला मात्र मिशा न फुटताच काका करून टाकलं. तेही चकचकीत प्लॅस्टिकच्या कार्डावर, छापील!

तर झालं असं. आत्याचं नाव ज्ञानेश्वरी. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, विम्याचे कागद गेले आणि पंधरा दिवसांनी तसेच परत आले. कारण? कार्डावर नाव 'ज्ञानेश्वर', लिंग 'स्त्री' आणि हॉस्पिटलच्या बिलावर 'ज्ञानेश्वरी'. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, पेशंट नक्की कोण, ते आधी ठरवा." आत्या शांतपणे म्हणाली, "अहो, ऑपरेशन माझ्या डोळ्यांचं झालंय. पण दिसत नाहीये ते तुम्हाला!"

हसू आलं खरं. पण बिलाचे पैसे तिनं स्वतःच्या फिक्समधून काढले होते आणि ते अडकले होते. फोनाफोनी केल्यावर कळलं, की कार्डावर नावाला दहाच अक्षरांची जागा आहे. आत्यानं बोटं मोजली. ज्ञा, ने, श्व, री. "चारच तर आहेत! दहाच्या घरात चार मावत नाहीत होय गं?"

लूप म्हणतो, अकरा!

आत्तेभाऊ हिंजवडीत आयटीत आहे. त्यानं लॅपटॉप उघडला आणि पायथॉनमध्ये दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला. प्रोग्रामिंग शिकणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच लिहितो, तो साधा 'फॉर' लूप. म्हणजे काय, तर 'या शब्दातलं एकेक कॅरॅक्टर उचल आणि वेगळ्या ओळीत छाप.'

आत्याचं नाव टाकलं आणि स्क्रीनवर भलतीच वरात निघाली. ज. मग पाय मोडायची खूण. मग ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पाय मोडायची खूण, व, र आणि सगळ्यात शेवटी वेलांटी. मोजा बरं. अकरा! कार्डावर जागा दहा. अकरावी वेलांटी बाहेर पडली आणि ज्ञानेश्वरीचा ज्ञानेश्वर झाला.

गंमत बघा, हेच नाव इंग्रजीत लिहिलं तर बारा अक्षरांचं स्पेलिंग होतं. ते दहावर कापलं असतं तर शेपूट तुटल्याचं कुणालाही दिसलं असतं. इथे कापल्यावर उरलं ते अख्खं, भारदस्त, खरंखुरं नाव. मग संशय येणार तरी कुणाला?

कॉम्प्युटर चुकला का?

नाही! त्याला शिकवलं तसं त्यानं मोजलं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातली देवनागरीची मांडणी बेतली होती 'इस्की' या भारतीय पद्धतीच्या १९८८ च्या आराखड्यावर. देवनागरीच्या मुख्य विभागात जागा १२८. आता आपली जोडाक्षरं आठवा. क्ष, ज्ञ, श्व, र्त्स्य... प्रत्येकाला वेगळी जागा द्यायची तर संपलंच की! म्हणून सुटसुटीत तोडगा निघाला. व्यंजन, मग पाय मोडायची खूण, मग पुढचं व्यंजन असं साठवायचं आणि दाखवताना फॉन्टनं त्यांचं लग्न लावायचं. आपल्याला दिसतं जोडपं. लूपला भेटतात दोघं वेगवेगळी, आणि मध्ये भटजी!

बरं, सगळ्या प्रोग्रामिंग लँग्वेजेसचं यावर एकमत असेल, तर तेही नाही. पायथॉन, जावा आणि जावास्क्रिप्ट आत्याच्या नावाची लांबी अकरा सांगतात. सी लँग्वेज थेट बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची, म्हणून तिथे तेहतीस. स्विफ्ट मात्र वाचणाऱ्याला जे एक वाटतं ते एक धरायला बघते. पण आधीच्या सर्वसाधारण नियमात 'ज्' वेगळा आणि 'ञा' वेगळा पडायचा, म्हणून उत्तर यायचं सहा. देवनागरीतलं जोडाक्षर अखंड धरायचं, हा नियम युनिकोडमध्ये आला २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. तेव्हा कुठे उत्तर आलं चार.

आपल्याकडे मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं. तुकोबा ज्या हिशेबानं मोजत होते, त्या हिशेबाला यायला कॉम्प्युटरला २०२३ उजाडलं!

ट्राय करून बघा

शाळेतलं 'रामाला भाला मारा' आठवतंय? उलटं वाचलं तरी तेच. आता तेच पायथॉनला उलटं करायला सांगा. सुरुवातीलाच एक अनाथ काना लोंबकळतो आणि शेवटचा 'रा' नुसता 'र' होतो. 'क्षितिज' उलटा केलात, तर मिळतो 'जितिष्क'! नाव छान आहे, पण चूक. हवं होतं 'जतिक्षि'.

उपाय काय?

आहेत ना! जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल सेगमेंटर' आहे. पायथॉनसाठी 'रेजेक्स' नावाची वेगळी लायब्ररी मिळते. फक्त ती युनिकोडच्या कुठल्या आवृत्तीचे नियम पाळते, ते तपासून घ्या. आणि हा निव्वळ मराठीचा लाड नव्हे बरं का. बाबा-आई-मुलगी असा कुटुंबाचा एक इमोजी आत पाच तुकड्यांचा असतो. तीन माणसं आणि त्यांना बांधणारे दोन अदृश्य दुवे. तो भलत्या जागी कापलात, तर घर मोडलं!

हे सगळं समजावून झाल्यावर आत्तेभाऊ एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "ताई, आमच्या अॅपमध्ये नाव कापायचा कोड मीच लिहिलाय. सेम असाच. टेस्टिंगला सगळी नावं इंग्रजी घेतली होती."

आत्यानं ऐकलं. "म्हणजे तुझ्या अॅपमध्येही मी पुरुषच का रे?"

शेवटी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र झालं. 'ज्ञानेश्वर आणि ज्ञानेश्वरी ही एकच व्यक्ती आहे', खाली आत्याची झोकदार सही. पैसे मिळाले, दोन महिन्यांनी. नवीन कार्ड अजून यायचंय.

आत्तेभावाच्या टीममध्ये मात्र आता नावाचा कुठलाही कोड पुढे सरकण्याआधी एक टेस्ट पास व्हावी लागते. टेस्टमध्ये नाव एकच आहे. त्याच्या आईचं, वेलांटीसकट.