पेन्सिलीचे शिसे आणि मोबाइलची बॅटरी

२२ जुलै २०२१ हा दिवस महाड-पोलादपूरकर विसरणार नाहीत. सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले, तळिये येथे दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. वीज गेली. अशा वेळी घरात उजेड देणारी वस्तू म्हणजे मोबाइल, आणि त्याचा जीव बॅटरीत! या बॅटरीचा एक महत्त्वाचा घटक तुमच्या कंपासपेटीत आहे, हे सांगितले तर पटेल का?

पेन्सिलीने कागदावर रेघ ओढा. उमटले ते शिसे नव्हे. ते आहे चिकणमाती मिसळलेले ग्राफाइट. ग्राफाइट हे कार्बनचेच एक रूप. त्यात कार्बनचे अणू षटकोनी जाळीत घट्ट बांधलेले असतात, पण एका थराची दुसऱ्या थरावरील पकड सैल असते. म्हणून थर सुटतात आणि रेघ उमटते.

दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असते. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन या फटींत शिरतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून येतात. दर ६ कार्बन अणूंमागे १ लिथियम अणू मावतो. थर सुमारे १० टक्के फुगतात, पण मोडत नाहीत. बॅटरी वापरताना आयन परत निघतात. म्हणूनच हा खेळ शेकडो वेळा चालतो.

मग ऋण टोकाला शुद्ध लिथियमच का नको? चार्ज करताना त्यावर सुईसारखे काटे वाढतात. ते पलीकडच्या टोकाला भिडले, की आग! १९८० मध्ये रशीद याझामी यांनी ग्राफाइटमध्ये लिथियमची ये-जा दाखवली. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी पेट्रोलियम कोक हा कार्बन वापरून सुरक्षित बॅटरी बनवली. २०१९ च्या नोबेल पारितोषिकात ते एक मानकरी होते.

आता थोडे गणित. १ ग्रॅम ग्राफाइट जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठवते. मग ४००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला किती ग्राफाइट लागेल? भागाकार करा: किमान ११ ग्रॅम! त्यात ये-जा करणारे लिथियम मात्र अवघे १ ग्रॅम.

शेवटी एक सूचना. मुसळधार पावसाचा इशारा मिळताच बॅटरी भरून ठेवा. पुरात भिजलेला मोबाइल मात्र चार्जिंगला लावू नका. आत शिरलेले पाणी शॉर्टसर्किट घडवू शकते. विज्ञान कळले, तरच ते वेळेला उपयोगी पडते.