पान हीच कविता असते तेव्हा

वर्तकनगरमधल्या म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. घर रिकामे करताना माणूस भांडी मोजून नेतो. कागद मात्र किलोवर जातो. या रद्दीत साठोत्तरी अनियतकालिकांचे अंक, घडीपत्रके, कवींनी स्वतः काढलेल्या पुस्तिका असतात. त्यांच्याबरोबर कवितेचा एक प्रकारच नाहीसा होतो, हे आपल्या चळवळीतल्या लोकांनाही फारसे जाणवलेले नाही.

हा प्रकार म्हणजे मूर्त किंवा दृश्य कविता. १९५० नंतर ब्राझीलमधील नोइगांद्रेस गटाने आणि स्वित्झर्लंडच्या ऑयगेन गोमरिंगरने तिला आकार दिला. तीत शब्दाचा अर्थ आणि कागदावरील त्याची जागा वेगळी काढता येत नाही. 'भिंत' हा शब्द विटांसारखा पंचवीस वेळा रचा आणि मधली एक वीट गाळा. वाचक ते भगदाड आधी पाहतो, शब्द मागाहून वाचतो. तेच सरळ ओळीत छापले तर नुसती यादी उरते. म्हणून 'समग्र कविता' छापून ही कविता वाचत नाही. मूळ पानच जपावे लागते.

मराठीला चित्रकाव्य नवे आहे काय? पद्मबंध, खड्गबंध संस्कृतात होतेच. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून रामायण रचले. पण अक्षरांची मिरासदारी असलेल्यांचा तो फावल्या वेळचा खेळ होता, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना अक्षरच नाकारले गेले, त्यांनी पानाची मांडणी आपल्या हाती घेणे ही निराळी गोष्ट आहे. अनियतकालिकांनी ती शक्यता निर्माण केली. राजा ढाले यांचे 'येरू' त्याच काळातले. अरुण कोलटकर तर जाहिरातक्षेत्रातले चित्रकारच होते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी आणि सुलेखनकार. संगणकावरचा 'मंगल' हा टंक त्यांचा, हे तो रोज वापरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

माझे वडील जयंतीचे फलक रंगवीत. आईला वाचता येत नव्हते, पण कुठले अक्षर 'वाकडं बसलंय' हे ती अचूक सांगे. घरातला मी पहिला पदवीधर. तिची ही नजर साहित्याच्या कामाची आहे, हे मला फार उशिरा कळले.

असे कागद घेऊन मी एका ग्रंथालयात गेलो होतो. पाठकणा नाही, किंमत नाही, तेव्हा हे पुस्तक नव्हे, असे उत्तर मिळाले! मायामीच्या रूथ आणि मार्विन सॅकनर या दांपत्याने १९७९ पासून घरातच असा संग्रह उभारला. २०१९ मध्ये तो आयोवा विद्यापीठाकडे गेला. त्यांच्याजवळ पैसा होता, हे खरे. पण सुरुवातीला आपल्याला लागतात त्या साध्या फायली.

वृत्तपत्री कागद आम्लामुळे पिवळा पडतो, मग घडीवर तुटतो. तो उलगडून सपाट ठेवावा. गंजत्या टाचण्या काढाव्यात; चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, कोरे पानही सोडू नये, कारण तेही मांडणीचा भाग असते. शेजारी मोजपट्टी ठेवावी, नाहीतर पडद्यावर तळहाताएवढी पुस्तिका आणि भित्तीपत्रक सारखेच दिसतात. आणि कागद कोणाच्या घरातून, कोणत्या साली आला, हे फाईलवर पेन्सिलीने लिहावे.