ढगातली वखार कशी निवडावी?

"संगणकातली माहिती आता क्लाउडवर ठेवा," असा सल्ला शाळा, पतपेढ्या आणि सोसायट्या यांना हल्ली सर्रास मिळतो. क्लाउड म्हणजे ढग. पण बरं का, आभाळाशी याचा काही संबंध नाही. दुसऱ्याच्या मोठ्या इमारतीतले संगणक आपण दुरून भाड्याने वापरतो, एवढाच त्याचा अर्थ. शहाद्याचा व्यापारी भाड्याच्या वखारीत धान्य ठेवतो, तसाच हा प्रकार.

अशा वखारी चालवणाऱ्यांत तिघे मोठे आहेत: अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली. तेव्हा जवळचा कोण, हा प्रश्न उरतच नाही. सारंगखेड्याच्या बाजारात जाणता माणूस घोड्याची झूल पाहत नाही, चाल पाहतो. इथेही तसेच करावे.

पहिली गोष्ट भाड्याची. वीजबिलाप्रमाणे इथे वापराइतके पैसे पडतात. संगणक चालू ठेवून आपण विसरलो, तरी आकार चढतच राहतो. खर्च वाढल्याचा इशारा मिळण्याची सोय असते. पण इशारा म्हणजे कुलूप नव्हे. शिवाय माल आत नेणे बहुधा फुकट, आणि बाहेर काढताना मात्र मोजून पैसे! म्हणून पहिल्या महिन्याच्या सवलतीला भुलू नका, तीन वर्षांचा हिशेब मांडा.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याची. कायमचे सोडून जाणाऱ्यांकडून हा काढणावळीचा आकार घेणार नाही, असे २०२४ मध्ये तिघांनीही जाहीर केले. तरीपण एकाच्याच खास साधनांवर सारे काम उभारले, तर दुसरीकडे जाताना ते नव्याने करावे लागते.

तिसरी गोष्ट भरवशाची. ऑक्टोबर २०२५ मध्ये आधी अ‍ॅमेझॉनची आणि मग मायक्रोसॉफ्टची सेवा काही तास कोलमडली होती. म्हणून माहितीची एक प्रत आपल्या कपाटात हवीच.

शिक्षकबंधूंनो, चौथी गोष्ट खास आपल्यासाठी. मुलांची नावे, पत्ते, गुण ही सोपवलेली ठेव आहे. संसदेने २०२३ साली केलेल्या कायद्यात तिची जबाबदारी मुख्यतः संस्थेवरच टाकली आहे, वखारवाल्यावर नाही.

आता आपण विचाराल, मग तिघांतला चांगला कोण? ज्याचे काम जाणणारा माणूस आपल्या तालुक्यात सापडतो आणि ज्याचे बिल आपल्याला वाचता येते, तो आपल्यापुरता चांगला. आणि शे-दोनशे मुलांच्या शाळेचे काम एका साध्या संगणकावर आणि दोन प्रतींवर भागत असेल, तर वखार घ्यायचीच कशाला? चार पोत्यांसाठी कोणी गोदाम भाड्याने घेत नाही.