सोयाबीनच्या शेतांतील धोतरा

समुद्रपूर तालुक्यांत धुऱ्यावर, उकिरड्याजवळ व पडीत जमिनींत धोतरा आपोआप उगवतो. महादेवास त्याचें फूल वाहतात, व दमेकऱ्यास पानांची धुरी देण्याची चाल जुनी आहे; त्यामुळें पुष्कळ घरीं हें झाड उपटीत नाहींत. परंतु आयुर्वेदानेंच धोतरा उपविषांत गणला आहे, व जाणता वैद्य त्याची बी शुद्ध केल्यावांचून वापरीत नाहीं. औषध नियम, १९४५ यांच्या ई (१) परिशिष्टांत त्याचें नांव असून, तें औषध वैद्यकीय देखरेखीखालींच घ्यावें, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.

धोतऱ्याच्या सर्व भागांत ॲट्रोपीन, हायोसायमीन व हायोसीन हीं विषारी द्रव्यें असतात. बियांत तीं विशेष. त्यांचें प्रमाण प्रत्येक झाडांत सारखें नसतें. म्हणून काल मानवलेला घरगुती काढा आज घातक ठरूं शकतो. प्रथम तोंडास कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होऊन अंधुक दिसतें, अंग लाल व तप्त होतें, नाडी जलद चालते, लघवी अडते आणि रोगी बरळूं लागतो.

सोयाबीन करणाऱ्यांस यांत दुसरीहि एक भीति आहे. धोतऱ्याचें एक बोंड मळणीयंत्रांत गेलें, तर त्यांतील शेंकडों बिया धान्यांत मिसळतात. सन २०१९ मध्यें आफ्रिकेंतील युगांडा देशांत जागतिक अन्न कार्यक्रमानें वांटलेलें मका-सोयाबीनचें पौष्टिक पीठ खाऊन तीनशेंच्या आसपास माणसें आजारी पडलीं व पांच दगावलीं. त्या पिठांत धोतऱ्यांत असतात तींच द्रव्यें सांपडलीं. भाजल्यानें वा शिजविल्यानें हें विष पुरतें नाहींसें होत नाहीं.

यास्तव डवरणी-निंदणीच्या वेळींच, फूल येण्यापूर्वीं, धोतरा मुळासकट उपटावा. बोंडें धरलीं असल्यास तीं पोत्यांत भरून शेताबाहेर न्यावीं. धुऱ्यावर टाकूं नयेत. उपटल्यावर हात धुतल्यावांचून डोळ्यांस लावूं नयेत. बी चपटी व सोयाबीनच्या दाण्याहून लहान असल्यामुळें चाळणीनें बरीचशी निघते. ती मिरचीच्या बीसारखी दिसते, परंतु चवीस तिखट नसून कडवट असते. घरांतील मुलांस ही ओळख करून द्यावी. बोंडें मिसळलेलें कुटार गुरांस घालूं नये.

कोणाच्या पोटांत धोतरा गेलाच, तर ताक-लिंबाच्या उपायांत वेळ दवडूं नये व बळें ओकारी काढूं नये. १०८ क्रमांकास कळवून, झाडाची फांदी बरोबर घेऊन, रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.